बँकॉकची सहल आणि तेथील विहारदर्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे बँकॉक हे खरेदीचे आणि रात्रीच्या गजबजाटाचे शहर म्हणून ओळखले जाते. ही ओळख खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे. याच शहरात चारशेहून अधिक बौद्ध विहार आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत आजही रोज पठण होते, पहाटे भिक्खू भिक्षेसाठी बाहेर पडतात, कामावर जाण्यापूर्वी माणसे कमळाची कळी वाहून जातात. हे लक्षात ठेवून गेलेल्या प्रवाशाला शहर अधिक मोकळेपणाने भेटते, म्हणून पुढील उत्तरांत विहारांविषयी विस्ताराने आणि इतर बाबींविषयी आवश्यक तेवढेच लिहिले आहे.

बँकॉकला कोणत्या महिन्यांत जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो, कारण हवा कोरडी राहते आणि दुपारचे ऊनही सोसवते. मार्चपासून उष्मा वाढत जातो आणि एप्रिलमध्ये तो असह्य होतो. मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. पण तो कोकणातल्यासारखा दिवसचे दिवस कोसळत राहत नाही. बहुधा दुपारनंतर एखादी जोरदार सर येते, रस्ते तुंबतात आणि तासा-दोन तासांत पुन्हा उघडीप होते. लहान मुले किंवा वयस्कर माणसे सोबत असतील, तर एप्रिल टाळलेलाच बरा.

भारतीयांना व्हिसा लागतो का?

जुलै २०२४ पासून भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय ६० दिवसांपर्यंत राहण्याची सवलत देण्यात आली. मात्र अशा सवलती सरकारी धोरणानुसार बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या वेळचा नियम अवश्य पाहावा. मुंबईतही थायलंडचा वाणिज्य दूतावास आहे. याशिवाय १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला आगमनाचा डिजिटल अर्ज भरावा लागतो. तो पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि त्यासाठी कोणतेही शुल्क नाही. हाच अर्ज पैसे घेऊन भरून देणारी, सरकारी भासणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून सावध राहावे. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, परतीचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण छापील स्वरूपात जवळ ठेवावे.

विमानतळावरून शहरात कसे जावे?

बँकॉकला दोन विमानतळ आहेत. २००६ साली सुरू झालेला सुवर्णभूमी आणि जुना डॉन म्युआंग. तिकिटावर कोणता आहे हे जाताना आणि येताना दोन्ही वेळा नीट वाचावे, कारण दोन्हींत बरेच अंतर आहे. सुवर्णभूमीवरून रेल्वेने फाया थाय स्थानकापर्यंत सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते आणि तेथे उन्नत रेल्वे मिळते. सामान जास्त असेल तर तळमजल्यावरील अधिकृत टॅक्सीच्या रांगेत उभे राहावे. मीटरच्या आकड्यावर विमानतळाचे ५० बाट (बाट हे थाई चलन) आणि महामार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो. आगमन कक्षात जवळ येऊन गाडी देऊ करणाऱ्यांकडे जाऊ नये.

परतीच्या वेळी पासपोर्ट तपासणीनंतर समुद्रमंथनाचे भव्य शिल्प लागते. वासुकीला दोन्हीकडून ओढणारे देव आणि असुर पाहण्यासाठी थोडा वेळ हाताशी ठेवावा.

दोन-तीन दिवसांत कोणकोणते विहार पाहावेत?

एका दिवसात सात-आठ विहार उरकण्याचा बेत करू नये. तिसऱ्या विहारानंतर डोळ्यांपुढे फक्त सोने उरते आणि काय पाहिले ते आठवत नाही. सकाळी एक किंवा दोन, आणि दुपारचे ऊन उतरल्यावर एक, एवढे पुरेसे आहे.

पहिला मान अर्थातच राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा केओचा. थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार. चक्री घराण्याचा पहिला राजा राम याने १७८२ साली चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर ही राजधानी वसवली आणि राजवाड्यासोबत हा विहार उभारला. येथील बुद्धमूर्ती पाचूची म्हणून प्रसिद्ध असली, तरी ती हिरव्या जातीच्या एकसंध दगडातून घडवलेली आहे आणि तिची उंची अवघी ६६ सेंटिमीटर आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंसाठी तिची तीन सुवर्णवस्त्रे आहेत आणि ऋतू बदलताना ती खुद्द राजाच्या हस्ते बदलली जातात. बहुतेक प्रवासी मूर्ती पाहून परत फिरतात; परंतु आवाराला वेढणाऱ्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियेनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रे रंगवलेली आहेत आणि मराठी माणसाने त्यांच्यासाठी तासभर राखून ठेवावा. कथा ओळखीची वाटते आणि मध्येच अनोळखी होते: तेथील हनुमान आपल्या मारुतीसारखा ब्रह्मचारी नाही. राजवाड्याचे तिकीट परदेशी प्रवाशांसाठी ५०० बाट आहे आणि सकाळी साडेआठला दार उघडताच आत जाणे उत्तम, कारण दहानंतर सहलींच्या बसगाड्यांची रीघ लागते.

राजवाड्याच्या दक्षिणेला, चालत जाण्याच्या अंतरावर वाट फो आहे. येथील शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. महापरिनिर्वाणाची ही मुद्रा आपल्याला अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात भेटलेली असते. अजिंठ्याच्या दगडी मूर्तीसमोर उभे राहिलेल्या माणसाला हे सोन्याने मढवलेले रूप पाहताना दोन परंपरांतील अंतर आणि जवळीक एकाच वेळी जाणवते. मूर्तीच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हे काढलेली आहेत. मागच्या बाजूला ओळीने १०८ भिक्षापात्रे मांडलेली असतात. त्यांत एकेक नाणे टाकत जाणाऱ्यांचा किणकिणाट सभागृहात सतत चालू असतो. याच विहाराच्या भिंतींवरील शिलालेखांत वैद्यक आणि मर्दनाचे ज्ञान कोरून ठेवलेले आहे, आणि थाई मालिशची पारंपरिक शाळाही येथेच चालते. पाय दमले असतील तर येथील अर्ध्या तासाचे मालिश हा चांगला उपाय आहे.

वाट फोच्या मागच्या धक्क्यावरून तरीने नदी ओलांडली की वाट अरुण. त्याच्या उंच शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे बसवलेले आहेत. दुपार कलल्यावर ते जवळून पाहावे आणि सूर्यास्ताच्या वेळी अलीकडच्या काठावर यावे.

माझ्या मते मराठी प्रवाशाने मुळीच चुकवू नये असा विहार मात्र वाट साकेत हा आहे, आणि सहलींच्या कार्यक्रमांत तो अनेकदा गाळलेला असतो. १८९८ साली आजच्या उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे एका स्तूपाच्या उत्खननात बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींचे कलश सापडले. त्यांतील अस्थींचा एक भाग पुढच्या वर्षी भारतातील ब्रिटिश सरकारने सयामचे, म्हणजे आजच्या थायलंडचे, राजे चुलालोंगकोर्न यांना दिला आणि त्यांनी तो या विहाराच्या टेकडीवरील सुवर्णचैत्यात ठेवला. आपल्या भूमीतून गेलेल्या त्या अस्थींपर्यंत तीनशेहून अधिक, पण कमी उंचीच्या पायऱ्या गोल फिरत वर जातात. वाटेत घंटा टांगलेल्या आहेत आणि माथ्यावरून जुने शहर चहूबाजूंनी दिसते. टेकडीवरून उतरल्यावर जवळच लोहप्रासाद आहे. त्याचे ३७ कळस बोधिपक्षीय धर्मांच्या, म्हणजे ज्ञानप्राप्तीला साह्य करणाऱ्या गुणांच्या, ३७ अंगांचे प्रतीक मानले जातात.

वेळ उरला तर चायनाटाउनच्या तोंडाशी असलेले वाट त्रायमित पाहावे. तेथील साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती कित्येक पिढ्या चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. १९५५ साली ती हलवताना लेपाचा टवका उडाला आणि आतले सोने दिसले.

विहारात जाताना कपडे कसे असावेत?

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच लागू आहे. बिनबाह्यांचे कपडे, अर्धी चड्डी, फाटक्या धाटणीची जीन्स आणि पारदर्शक कापड राजवाड्याच्या दारावरच अडवले जाते. खांद्यावर ओढणी टाकून काम भागेल असे समजू नये, कारण राजवाड्यात बहुधा तेवढे चालत नाही. सलवार-कमीज, साडी, साधी सुती पँट आणि बाह्यांचा शर्ट हे आपले रोजचे कपडे तेथे योग्यच ठरतात. प्रत्येक गाभाऱ्यापाशी पादत्राणे काढावी लागतात, म्हणून चटकन काढता-घालता येतील अशी चप्पल किंवा बूट असावेत.

मूर्तीसमोर कसे वागावे? फोटो काढता येतात का?

उंबऱ्यावर पाय देऊ नये, तो ओलांडून आत जावे. बसताना तळपाय मूर्तीकडे करू नयेत. तेथील लोक दोन्ही पाय एका बाजूला मागे मुडपून बसतात, आणि तसे बसणे गुडघ्यांना जड जात असेल तर मांडी घातली तरी कोणी हरकत घेत नाही. पाय पसरून बसणे किंवा पायाने एखादी वस्तू दाखवणे मात्र उद्धटपणाचे समजले जाते. कोणाच्याही डोक्याला, लहान मुलाच्यासुद्धा, कौतुकाने हात लावू नये.

पाचूच्या बुद्धाच्या गाभाऱ्यात छायाचित्रणास पूर्ण बंदी आहे. इतर बहुतेक ठिकाणी फोटो काढता येतात, परंतु मूर्तीला पाठ करून हसरे स्वतःचे फोटो काढणे, मूर्तीच्या मुद्रेची नक्कल करणे किंवा चौथऱ्यावर चढणे हे सारे टाळावे. तेथे समोर बसलेली बाई आजारी मुलासाठी प्रार्थना करत असू शकते. तिच्या आणि मूर्तीच्या मधून कॅमेरा घेऊन जाऊ नये, एवढे भान पुरेसे आहे. अशा वेळी मागच्या भिंतीशी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. त्या पाच मिनिटांत जे दिसते ते पुष्कळदा कॅमेऱ्यात येत नाही.

विहारांबाहेर पिंजऱ्यातले पक्षी विकायला ठेवलेले असतात, ते विकत घेऊन मोकळे सोडले की पुण्य मिळते अशी समजूत आहे. ते विकत घेऊ नयेत असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण ते विकले जावेत म्हणूनच पकडले जातात. फुले, उदबत्ती आणि सोन्याचा वर्ख मूर्तीला वाहावा. ते सहज मिळते आणि विधी शेजारच्या माणसाकडे पाहून समजतो.

भिक्खूंशी बोलताना कोणती काळजी घ्यावी? स्त्रियांसाठी वेगळे नियम आहेत का?

दोन्ही हात जोडून नमस्कार करावा. भिक्खू उलट नमस्कार करत नाहीत, त्यात अनादर नसतो. स्त्रियांनी भिक्खूंना स्पर्श करू नये आणि त्यांच्या हातात थेट काही देऊ नये; भिक्खू समोर कापड पसरतात, त्यावर वस्तू ठेवावी. भिक्षापात्रात अन्न मात्र स्त्रियाही घालतात. आगगाडीत, विमानतळावर आणि नदीच्या बोटींत भिक्खूंसाठी राखीव जागा असतात, तेथे बसू नये.

पहाटेचे भिक्षाटन पाहायचे असेल, तर संगमरवरी विहार म्हणून प्रसिद्ध असलेल्या वाट बेंचमाबोफित येथे सकाळी सहाच्या सुमारास जावे. येथे भिक्खू दारोदार न जाता विहारासमोर ओळीने उभे राहतात आणि लोक अन्न घेऊन येतात. आपणही भात, फळे किंवा पाण्याची बाटली देऊ शकतो. तेथील थेरवादी (थेरवाद या बौद्ध पंथाचे) भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे दान सकाळीच करावे.

आम्ही बौद्ध आहोत. तेथे आपल्या पद्धतीने वंदना म्हणता येईल का?

नक्कीच म्हणता येईल, आणि हा प्रश्न महाराष्ट्रातून जाणाऱ्या अनेक कुटुंबांचा असल्यामुळे त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

त्रिसरण आणि पंचशील तेथेही पालीतच म्हटले जाते. पहिल्यांदा ऐकताना ते ओळखू येत नाही, कारण थाई उच्चार आणि चाल निराळी असते. पण ‘नमो तस्स’पासून लक्ष देऊन ऐकले की ओळ सापडते आणि मग पुढचे शब्द आपोआप ओठांवर येतात. सकाळी किंवा संध्याकाळी पठणाच्या वेळी मागे बसून मंद आवाजात सोबत म्हणण्यास कोणाचीही आडकाठी नसते. पंचांग प्रणाम तेथेही तीन वेळा करतात. पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्या हे तेथील उपोसथाचे, म्हणजे व्रताचे, दिवस होत. त्या दिवशी विहारांत गृहस्थांची गर्दी असते, पांढरे वस्त्र नेसून अष्टशील घेणारी माणसे दिसतात आणि धम्मदेशना होते.

फरकही समजून घ्यावेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांच्या प्रकाशात वाढलेल्या माणसाला, विहाराच्या आवारात ब्रह्मदेवाची मूर्ती, ताईत, भविष्य सांगणाऱ्या काड्यांचा डबा असे पाहून गोंधळल्यासारखे होते. थाई समाजात बौद्ध धम्म, जुन्या ब्राह्मणी प्रथा आणि स्थानिक श्रद्धा शतकानुशतके शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. ते स्वीकारण्याची सक्ती कोणी करत नाही आणि तेथे वाद घालण्याचे आपल्यालाही कारण नाही. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला ज्या जागतिक बौद्ध परिषदेत भाषण केले, ती भरवणाऱ्या वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स या संस्थेचे मुख्यालय आज बँकॉकमध्येच, सुखुमवित भागातील बेंचासिरी उद्यानाजवळ आहे.

ध्यानाची आवड असणाऱ्यांनी राजवाड्याजवळील वाट महाथातची चौकशी करावी. विपश्यनेच्या शिक्षणासाठी हा विहार पूर्वीपासून ओळखला जातो.

कोणते सण पाहण्यासारखे असतात?

आपल्या पंचांगाशी परिचित असलेल्या माणसाला तेथील सण पाठ करावे लागत नाहीत. माघ पौर्णिमा, वैशाख पौर्णिमा आणि आषाढी पौर्णिमा हे तिथले तीन मोठे बौद्ध उत्सव आहेत. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातील एकाच विहारातला मुक्काम, सुरू होतो आणि तीन महिन्यांनी संपतो. अधिक मास धरण्याच्या पद्धतीतील फरकामुळे काही वर्षी आपल्या आणि त्यांच्या पौर्णिमेत एका महिन्याचे अंतर पडते, म्हणून तारीख तेथील दिनदर्शिकेवरून पाहावी. या पौर्णिमांच्या रात्री लोक हातात कमळ, उदबत्ती आणि मेणबत्ती घेऊन विहाराला तीन प्रदक्षिणा घालतात. परक्या माणसालाही त्या रांगेत सहज जागा मिळते, आणि एखाद्या सहलीत हा योग येत असेल तर त्यासाठी बाकीचा कार्यक्रम बाजूला ठेवावा. या दिवशी दुकानांतील मद्यविक्री मोजके अपवाद वगळता बंद असते.

नोव्हेंबरमधील लोय क्रथोंग साधारणपणे आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेला येतो. केळीच्या खुंटाच्या चकतीवर पाने, फुले, उदबत्ती आणि दिवा ठेवून तो द्रोण पाण्यात सोडतात आणि नदीमातेची, फ्रा मे खोंगखाची, क्षमा मागतात. पंचगंगेच्या किंवा गोदावरीच्या घाटावर दिवे सोडलेल्या माणसाला हे पाहून अगदी घरच्यासारखे वाटते. याच दिवसांत वाट साकेतच्या चैत्याला तांबडे वस्त्र गुंडाळून मोठी जत्रा भरते. १३ ते १५ एप्रिलचा सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, हा पाण्याचा सण आहे. सकाळी बुद्धमूर्तीला आणि वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी घालण्याचा शांत भाग आणि नंतर रस्त्यांवरील पिचकाऱ्यांची धमाल, असे त्याचे दोन चेहरे असतात; फोन आणि पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्याशिवाय त्या दिवशी बाहेर पडू नये.

शहरात फिरण्यासाठी कोणते साधन चांगले?

जुन्या शहरासाठी बोट आणि नव्या शहरासाठी रेल्वे. रस्त्यावरील वाहतूक सकाळ-संध्याकाळ इतकी खोळंबते की टॅक्सीत बसून तीन किलोमीटरला पाऊण तास लागू शकतो. डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झालेली उन्नत रेल्वे आणि २००४ मध्ये सुरू झालेली भुयारी रेल्वे यांमुळे सुखुमवित, सियाम, सीलोम हे भाग सोपे झाले आहेत. भुयारी रेल्वेचे सनाम चाय स्थानक वाट फोच्या अगदी जवळ आहे.

तरीही नदीच्या प्रवासाला पर्याय नाही. उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकाखालीच सातोर्न धक्का आहे. तेथून नारिंगी झेंड्याची बोट पकडली की शाळकरी मुले, भिक्खू, बाजारहाट करणाऱ्या बायका यांच्यासोबत कमी पैशांत राजवाड्यापर्यंत जाता येते. पर्यटकांच्या खास बोटी महाग असतात आणि त्यांतून दिसते तेच. शहराच्या मध्यातून जाणाऱ्या सेन सेप कालव्यातही बोटी धावतात. त्या वेगाने जातात, चढायला-उतरायला क्षणभरच मिळतो, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. टुकटुकमध्ये एकदा बसण्याची हौस अवश्य भागवावी, मात्र भाडे आधी ठरवून.

शाकाहारी माणसाची जेवणाची सोय होते का? जैन जेवण मिळते का?

होते, पण ‘शाकाहारी’ एवढे सांगून भागत नाही. थाई स्वयंपाकात मिठाच्या जागी माशाचे पाणी, म्हणजे नाम प्ला, वापरतात. अनेक वाटणांत कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि भाज्या परतताना कालवांचे सॉस घालतात. कच्च्या पपईची प्रसिद्ध कोशिंबीर दिसायला शुद्ध शाकाहारी असली, तरी तिच्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला हमखास असतात. डोळ्यांना मांस दिसत नाही म्हणून पदार्थ चालेल असे मानू नये.

यावर तेथलाच एक चांगला उपाय आहे. चिनी-बौद्ध परंपरेतील ‘जे’ आहारात मांस, मासे, अंडी आणि दूध तर वर्ज्य असतेच, शिवाय कांदा-लसूणही चालत नाही. पिवळ्या झेंड्यावर तांबडी अक्षरे असलेली दुकाने ती हीच. ‘किन जे’ एवढे म्हटले की विक्रेत्याला सारे कळते. जैन प्रवाशांना यातून बरीच सोय होते. कंदमुळांचा प्रश्न तेवढा वेगळा विचारावा लागतो. साधारण ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो, तेव्हा याओवारात भागात, म्हणजे चायनाटाउनमध्ये, असे पदार्थ रस्तोरस्ती मिळतात. आपली अट थाई लिपीत लिहून घेऊन फोनमध्ये ठेवावी, कारण बोललेले उच्चार चुकतात आणि लिहिलेले चुकत नाही.

भारतीय जेवणच हवे असेल तर फाहुरात या जुन्या कापडबाजारात जावे. तेथे मोठे गुरुद्वार आहे, आजूबाजूला उत्तर भारतीय शाकाहारी खाणावळी आहेत आणि किराणाही मिळतो. पण प्रत्येक जेवण तेथे घेऊ नये. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात आणि त्यासोबत पिकलेला आंबा हा पदार्थ हापूसच्या प्रदेशातून आलेल्या माणसानेही मन मोठे करून खावा. तो पूर्ण शाकाहारी आहे. ड्युरियन फळ हॉटेलात आणि रेल्वेत नेण्यास मनाई असते, इतका त्याचा वास उग्र असतो.

बौद्ध देशात चौकाचौकांत हिंदू देवता कशा दिसतात?

थायलंडच्या दरबारात ब्राह्मण पुरोहितांची परंपरा आजही जिवंत आहे आणि राज्याभिषेकासारखे विधी त्यांच्या सहभागाने होतात. देशाचे राजचिन्ह गरुड आहे. रत्चप्रसोंग चौकातील चतुर्मुख ब्रह्मदेवाचे एरावन देवस्थान १९५६ साली एका हॉटेलच्या बांधकामावेळी स्थापन झाले. नवस फेडणारे भक्त तेथे पारंपरिक नृत्य करवून घेतात, म्हणून संध्याकाळी थोडा वेळ थांबावे. सीलोममधील मारियम्मन मंदिर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधले. नवरात्रात त्याची मिरवणूक निघते आणि तीत थाई भाविकच अधिक असतात.

कोणत्या प्रकारच्या फसवणुकीपासून सावध राहावे?

सर्वांत जुना प्रकार असा, की राजवाड्याच्या जवळ चांगल्या कपड्यांतील, गोड बोलणारा माणूस भेटतो आणि ‘आज राजवाडा बंद आहे, मोठी पूजा आहे’ असे सांगून स्वस्त टुकटुकमधून दुसरे विहार दाखवण्याची तयारी दाखवतो. ती फेरी शेवटी रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात संपते. राजवाडा बंद आहे की उघडा, हे तिकीटखिडकीशी जाऊनच ठरवावे. टॅक्सीवाला मीटर लावत नसेल तर उतरून दुसरी घ्यावी किंवा ॲपवरून गाडी बोलवावी. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे आणि ते इंग्रजीत बोलतात.

कायद्याच्या दृष्टीने कोणत्या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात?

राजघराण्याचा अपमान हा तेथे गंभीर गुन्हा असून एका आरोपासाठी ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे. समाजमाध्यमांवरील मजकूरही त्यात येतो. नोटांवर राजाचे चित्र असते, म्हणून त्या पायाखाली येऊ देऊ नयेत. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा वाजता स्थानकांत आणि उद्यानांत राष्ट्रगीत लागते, तेव्हा सर्वांबरोबर उभे राहावे. ई-सिगारेट बेकायदा आहे, ती सामानात नेऊ नये. गांजाच्या दुकानांच्या पाट्या दिसल्या तरी त्या वाटेला जाऊ नये. नियम कडक झाले आहेत आणि तसा पदार्थ भारतात आणणे हा तर मोठा गुन्हा आहे.

पैसे कसे न्यावेत?

बोटी, रस्त्यावरचे खाणे आणि छोटी दुकाने यांसाठी रोख बाट लागतात. परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढताना तेथील बँक दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क घेते, तेव्हा थोडे थोडे काढणे तोट्याचे ठरते. चलन विमानतळापेक्षा शहरातील विनिमय केंद्रांवर बदलल्यास चांगला दर मिळतो.

वयस्कर आई-वडिलांना घेऊन जाणे जमेल का?

जमेल, पण दिवसाचा क्रम उलटा लावावा. सकाळी लवकर निघून अकरापर्यंत एक विहार पाहावा, भर दुपारी हॉटेलात विश्रांती घ्यावी आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या त्यांनी चढू नयेत, खालूनही शिखर सुंदर दिसते. उन्नत रेल्वेच्या स्थानकांत लिफ्ट कोणत्या बाजूला आहे ते आधी शोधून ठेवावे, कारण काही ठिकाणी त्यासाठी रस्ता ओलांडावा लागतो.

बँकॉकहून एका दिवसात बाहेर कुठे जाता येईल?

अयुथ्थयाला. १७६७ साली बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही जुनी राजधानी सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि आगगाडीने आरामात जाऊन येता येते. तेथील वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी कवेत घेतलेले बुद्धाचे शिर आहे. त्याच्यासोबत फोटो काढताना आपले डोके त्याहून खाली राहील असे बसावे लागते, आणि पहारेकरी तशी आठवणही करतात.

घरी आणण्यासाठी बुद्धमूर्ती विकत घेता येते का?

घेता येते, परंतु देशाबाहेर नेण्यासाठी थायलंडच्या ललितकला विभागाची परवानगी लागते. गळ्यात घालण्याच्या छोट्या प्रतिमांना ती लागत नाही. जुनी म्हणून विकली जाणारी मूर्ती घेऊच नये. ती खोटी असली तर पैसे जातात आणि खरी असली तर ती कोणत्या तरी विहारातून उचललेली असण्याची शक्यता असते. नवी मूर्ती हवी असेल तर ‘मोठा झोपाळा’ (जायंट स्विंग) या नावाच्या जुन्या, उंच लाल वास्तूजवळच्या बामरुंग म्युआंग रस्त्यावर जावे. तेथे पूजासाहित्याची आणि लहानमोठ्या बुद्धमूर्तींची दुकाने ओळीने लागतात. परवान्याचे काम दुकानदाराकडूनच करून घेणे सोपे असते आणि त्याला काही दिवस लागतात, म्हणून मूर्ती सहलीच्या सुरुवातीलाच निवडावी आणि पावती परवान्यासोबत हातातल्या सामानात ठेवावी.